भेंडीबाजारातील जुन्या कुतुबखान्यात पुस्तक कसे मागावे

मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या चौकापासून क्रॉफर्ड मार्केटकडे जाणाऱ्या मोहम्मद अली रोडवर आणि त्याला लागून असलेल्या भेंडीबाजारात अरबी, उर्दू व इस्लामी पुस्तकांची जी जुनी दुकाने, म्हणजे कुतुबखाने, आहेत, त्यांत कपाटांमधून स्वतः हिंडून पुस्तक शोधण्याची सोय बहुधा नसते. गाळा अरुंद, समोर गल्ला, मागे छतापर्यंत फळ्या आणि उरलेला माल पोटमाळ्यावर किंवा गल्लीतल्या गोदामात, अशी त्यांची मांडणी असते. ग्राहकाने मागायचे आणि दुकानदाराने काढून द्यायचे, हीच तिथली रीत आहे. म्हणून तिथे जाण्याची खरी तयारी म्हणजे नेमका प्रश्न तयार करणे. रस्ता, वेळ आणि शिष्टाचार यांचा विचार त्यानंतर करावा. 'इस्लामवर काही चांगले पुस्तक आहे का?' असे मोघम विचारणाऱ्याच्या हाती धर्माची प्राथमिक ओळख करून देणारी एखादी पातळ पुस्तिका पडते आणि तो निराश होऊन परततो. त्याच दुकानात दोन फळ्या वर त्याला हवा असलेला ग्रंथ पडून असतो.

घरून ठरवून जाण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट भाषेची. या दुकानांतील बहुतांश पुस्तके उर्दूत असतात, मदरशांत लागणारे ग्रंथ अरबीत असतात आणि मेमन, खोजा व बोहरा वाचकांमुळे गुजराती पुस्तकांचीही इथे जुनी परंपरा आहे. हिंदी आणि इंग्रजी पुस्तके आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. मराठीचे तसे नाही. मुंबईचा इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्ट कुराणाचे मराठी भाषांतर आणि इतर मराठी पुस्तके प्रसिद्ध करतो, परंतु ती प्रत्येक दुकानात असतीलच असे नाही. त्यामुळे मराठी पुस्तक हवे असल्यास पुस्तकाबरोबर प्रकाशकाचेही नाव सांगावे. उर्दू ऐकून समजते पण लिपी येत नाही, अशा वाचकाने 'देवनागरीत छापलेली उर्दू' अशी स्पष्ट मागणी करावी. अशी पुस्तके हिंदी म्हणूनच विकली जातात, पण भाषा उर्दूच असते.

दुसरी गोष्ट पंथाची, म्हणजे तिथल्या भाषेत मसलकची. बाहेरून पाहणाऱ्याला सगळी दुकाने सारखीच वाटतात. प्रत्यक्षात बरेलवी, देवबंदी आणि अहले हदीस या सुन्नी विचारधारांच्या वाचकांची दुकाने पुष्कळदा निरनिराळी असतात आणि शिया पुस्तकांसाठी इमामवाडा व डोंगरीच्या बाजूला वळावे लागते, जिथे 1860 मध्ये इराणी धाटणीने बांधलेली मुघल मशीद आहे. कुराणाचे उर्दू भाषांतर मागितले, की दुकानदार 'किसका तर्जुमा?' असे विचारतो, त्याचे कारण हेच. मौलाना अश्रफ अली थानवी यांचे भाषांतर देवबंदी वाचक घेतात आणि मौलाना अहमद रझा खान यांचे 'कंझुल ईमान' बरेलवी वाचक घेतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस शाह अब्दुल कादिर यांनी केलेले भाषांतर भाषेच्या अभ्यासकांना अधिक उपयोगी पडते. ज्याला यांपैकी कशाशीच बांधीलकी नाही, त्याने तसे मोकळेपणाने सांगावे आणि दोन भाषांतरांतील एकच पान काढून दाखवण्याची विनंती करावी. दुकानात गर्दी नसेल, तर ती सहसा मान्य होते.

फिकह, म्हणजे धर्माचरणाचे नियम, हा विषय असेल तर आणखी एक भेद मराठी वाचकाला माहीत असणे आवश्यक आहे. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी परंपरा पाळतात, तर कोकणी मुसलमान शाफई परंपरा पाळतात. नमाजातील हातांची ठेवण, दुआ म्हणण्याची जागा अशा बारीकसारीक बाबींत या दोहोंत फरक आहे. रत्नागिरी, रायगड भागातून येणारे ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या इथूनच शाफई पुस्तके नेत आले आहेत, त्यामुळे 'शाफई नमाज की किताब' ही मागणी इथल्या दुकानदाराला अजिबात अनोळखी नाही. मात्र परंपरेचे नाव घेतले नाही, तर हनफी पुस्तकच पुढे येईल.

इंग्रजी भाषांतर घेणाऱ्यांना मुंबईशी जोडलेली दोन नावे इथे भेटतात. मार्माड्यूक पिकथॉल हे इंग्रज लेखक 1920 ते 1924 या काळात 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते आणि त्यांचे भाषांतर 1930 मध्ये प्रसिद्ध झाले; अब्दुल्ला युसूफ अली यांचे शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले होते आणि त्यांचे भाषांतर 1930 च्या दशकात लाहोरहून भागाभागाने निघाले. पिकथॉल यांचे भाषांतर आटोपशीर आहे, तर युसूफ अली यांच्या आवृत्तीत तळटीपांचा मोठा भरणा आहे. प्रथमच वाचणाऱ्याने युसूफ अली घ्यावेत, मात्र टीपांसह छापलेली प्रत आहे ना, हे पाहून घ्यावे. टीपा गाळलेल्या स्वस्त आवृत्त्याही बाजारात असतात.

ग्रंथाचे नाव, लेखक, भाषा आणि शक्य असल्यास प्रकाशक एवढे एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. मुद्रणाच्या गावाची नोंद असल्यास तीही लिहावी, कारण इथल्या जुन्या दुकानदारांना पुस्तके गावांच्या नावाने लक्षात असतात: लखनौची छपाई, देवबंदची छपाई, बैरूतची छपाई. अरबी ग्रंथांच्या संदर्भसूचींत 'शरफुद्दीन अल्-कुतुबी व औलादुहू, बंबई' असे प्रकाशकाचे नाव ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा बाजार अरबी विद्वत्तेच्या नकाशावर कुठे होता, याची कल्पना येईल.

रस्ता आणि वेळ

मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांवरील सँडहर्स्ट रोड हे स्थानक भेंडीबाजाराला जवळ आहे. मिनारा मशिदीच्या बाजूला जायचे असल्यास मशीद स्थानकही चालते. टॅक्सीवाल्याला जे. जे. उड्डाणपुलावरून न नेता खालच्या रस्त्याने नेण्यास आधीच सांगावे, कारण एकदा पुलावर चढल्यावर सगळा मोहम्मद अली रोड पायाखालून निघून जातो. सकाळी लवकर जाण्यात अर्थ नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी. रमजानच्या आधीचे काही दिवस दुकानदार कुराणाच्या प्रती आणि तीस पाऱ्यांचे, म्हणजे कुराणाच्या तीस भागांचे, सुटे संच विकण्यात बुडालेला असतो, आणि प्रत्यक्ष रमजानमध्ये संध्याकाळनंतर मिनारा मशिदीभोवती खाण्यासाठी जी गर्दी लोटते, तीत पुस्तकांची पिशवी सांभाळणे कठीण होते. निवांत बोलायचे असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारनंतर जावे.

पत्त्यांविषयी एक सूचना. भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम सैफी बुऱ्हाणी ट्रस्टमार्फत सुरू आहे, आणि त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेली इमारत आज तिथे असेलच असे नाही. जे. जे. चौकातील प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये असलेली मकतबा जामियाची शाखा उर्दू साहित्यासाठी प्रसिद्ध आहे. ही जामिया मिल्लिया इस्लामियाची 1922 पासूनची प्रकाशनसंस्था. तिथे धार्मिक ग्रंथांपेक्षा कविता, कथा, समीक्षा आणि मुलांची पुस्तके पाहावीत. कुठेही जाण्यापूर्वी दूरध्वनी करून दुकान उघडे आहे का, हे विचारून घेणे बरे.

दुकानात

प्रवेश करताना 'सलाम अलैकुम' म्हणावे किंवा 'आदाब' म्हणावे. 'नमस्कार' म्हटल्यानेही काही बिघडत नाही. वयस्कर दुकानदाराला 'जनाब', 'हाजीसाहेब' किंवा नुसते 'चाचा' म्हणतात. संभाषण मुंबईच्या हिंदी-उर्दूत होते, परंतु दुकानदार कोकणी असेल तर मराठीत बोलायला सुरुवात केल्यावर त्याचा सूर बदलतो आणि गावाची चौकशी होते. ती होऊ द्यावी. गादीची बैठक असेल तिथे चपला बाहेर काढाव्यात. पोशाख साधा असावा, एवढे पुरे. स्त्रियांना या दुकानांत यायला कोणतीच आडकाठी नसते. मुलांसाठी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, आणि शाळेची उर्दू पुस्तके घेण्यासाठी आयाच येत असतात.

कुराणाची प्रत हाताळण्याचे नियम मात्र नीट पाळावेत. वजू, म्हणजे नमाजापूर्वी करतात तशी हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, केल्याखेरीज मूळ अरबी प्रतीला हात लावू नये, असे बहुसंख्य परंपरा मानतात. म्हणून बिगरमुस्लिम ग्राहकाने स्वतः प्रत उचलण्याऐवजी 'जरा खोलकर दिखाइए' अशी विनंती करावी, हे सर्वांत सभ्य. भाषांतरे आणि इतर पुस्तके हातात घ्यायला सहसा हरकत नसते. कोणताही धर्मग्रंथ जमिनीवर ठेवू नये, त्यावर पिशवी, मोबाइल किंवा दुसरे पुस्तक ठेवू नये आणि बोट जिभेला लावून पाने उलटू नयेत. फळीवरसुद्धा कुराण सर्वांत वर, त्याखाली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे व आचरणाचे संग्रह, आणि त्याखाली इतर पुस्तके असा क्रम असतो. पाहून झालेले पुस्तक स्वतः परत न ठेवता दुकानदाराच्या हाती द्यावे. छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी विचारावे.

कुराणाची अरबी प्रत विकत घ्यायची असल्यास लिपीच्या वळणाविषयी विचारावे लागते. भारतीय उपखंडातील ठसठशीत वळणाच्या प्रती आणि सौदी अरेबियात छापलेल्या, उस्मान ताहा या सुलेखनकाराच्या हस्ताक्षरातील प्रती यांच्यात अक्षरांचे वळणच नव्हे तर स्वरचिन्हे आणि विरामचिन्हेही वेगळी असतात. इथे शिकलेल्या माणसाला सौदी प्रत वाचताना अडखळायला होते, म्हणून भेट द्यायची असल्यास घेणारा कोणत्या प्रतीवर शिकला आहे, ते आधी काढून घ्यावे. पाठांतर करणाऱ्यांसाठी 'हाफिजी' प्रत वेगळी असते: पानावर पंधरा ओळी, आणि प्रत्येक पान आयत, म्हणजे कुराणातील वचन, पूर्ण करूनच संपते.

जुनी छपाई ओळखताना

जुन्या पुस्तकांच्या शोधात जाणाऱ्याला या बाजाराचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा. 1820 च्या दशकात मुंबईत शिळाछाप आला आणि अरबी, फारसी व उर्दू पुस्तकांना तो विलक्षण मानवला, कारण फारसी-उर्दूसाठी वापरल्या जाणाऱ्या नस्तालिक लिपीची तिरकस, एकमेकांवर चढणारी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नाहीत. शिळाछापात मात्र कातिबाने, म्हणजे सुलेखनकाराने, कागदावर लिहिलेले जसेच्या तसे दगडावर उतरते. याच तंत्रावर गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या छापखान्यांतून फारसी पुस्तके इराणला आणि मलय भाषेतील पुस्तके आग्नेय आशियाला जात असत. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे: माहीमचे सूफी विद्वान मखदूम अली माहिमी (1372–1431) यांनी लिहिलेले कुराणाचे अरबी भाष्य हिजरी 1295 मध्ये कैरोच्या बुलाक छापखान्यात छापले गेले. मुंबईच्या खाडीकाठी लिहिलेला ग्रंथ कैरोत छापला जावा, ही गोष्ट मला माहीमच्या त्यांच्या दर्ग्याच्या उरुसापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

अशा पुस्तकाचे वय कसे काढावे? पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणजे आपल्या सवयीने जे मलपृष्ठ वाटते ते तिथले मुखपृष्ठ असते. मुखपृष्ठावर किंवा अगदी शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव आणि वर्ष शोधावे. छापखान्यासाठी 'मतबा' हा शब्द असतो. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. त्यांत फसवणारी जागा एकच आहे: आपल्याला शून्य वाटणारे गोल चिन्ह म्हणजे पाच आणि शून्यासाठी नुसता ठिपका असतो. सात वर उघडा आणि आठ खाली उघडा, एवढे लक्षात ठेवले की बरेचसे काम भागते. वर्षापुढे दोन डोळ्यांचे 'हे' (ھ) हे अक्षर असेल तर ते हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचे, आणि हम्जासारखे (ء) छोटे चिन्ह असेल तर इसवी. हिजरी वर्षाला 0.97 ने गुणून 622 मिळवले की इसवी सन जवळपास बरोबर येतो; वर सांगितलेले 1295 या हिशेबाने 1878 होते.

पुस्तक पूर्ण आहे की मधली पाने गेली आहेत, हे पाहण्यासाठी पृष्ठांकांवर विसंबू नये, कारण जुन्या प्रतींत ते चुकलेले किंवा कापले गेलेले असतात. उघडलेल्या जोडीतील उजव्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात एक सुटा शब्द लिहिलेला असतो आणि तोच शब्द डाव्या पानाच्या सुरुवातीला यायला हवा. लिपी येत नसली तरी दोन शब्दांचे आकार जुळतात की नाही, हे डोळ्यांना कळते. दहा-बारा ठिकाणी पडताळून पाहावे. समासात तिरपा मजकूर दिसला तर ती कोणी केलेली खरड असेल किंवा छापलेले भाष्य असेल. जुन्या पाठ्यग्रंथांत मध्ये मूळ आणि कडेने भाष्य, कधी भाष्यावरचे भाष्य, अशी रचना असते. पहिल्या पानावर हाताने 'या कबीकज' असे लिहिलेले आढळले तर दचकू नये. किडीपासून ग्रंथाचे रक्षण व्हावे म्हणून लिहायची ती जुनी विनवणी आहे. तरीही कसर लागली आहे का, हे पाहावेच.

सर्वांत मोठी फसगत पुनर्मुद्रणाची असते, आणि ती कोणी मुद्दाम केलेली असते असेही नाही. जुन्या शिळाछापाच्या पानांची छायाचित्रे घेऊन ती ऑफसेटवर छापण्याचा उद्योग भारतात मोठ्या प्रमाणावर चालतो, त्यामुळे शेवटच्या पानावर शंभर वर्षांपूर्वीचे साल तसेच राहते आणि कागद कालपरवाचा असतो. पांढरा किंवा गुळगुळीत कागद, मूळ प्रतीवरचे डाग काळ्या ठिपक्यांच्या रूपात छापले जाणे, बारीक रेषा तुटलेल्या असणे, कव्हरवर दुसऱ्याच प्रकाशकाचे नाव, या खुणांवरून ते ओळखू येते. वाचण्यासाठी हवे असेल तर असे पुनर्मुद्रण घेणेच शहाणपणाचे, कारण मूळ प्रतीचा कागद उलटताना तुटतो. कातिबाच्या हाताची छपाई आणि 1990 नंतर इनपेज या संगणकप्रणालीवर जुळवलेली छपाई यांत फरक करणेही अवघड नाही: कातिबाच्या पानात एकच अक्षर जागेनुसार लांबते-आखडते, संगणकाच्या पानात ते सर्वत्र सारखे उमटते.

लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याचे पुस्तक हाती लागले, तर ते बारकाईने पाहावे. 1858 मध्ये स्थापन झालेल्या या छापखान्याचे मालक हिंदू होते आणि त्यांनी कुराणाच्या प्रतींसह अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांची प्रचंड छपाई केली.

पैसे, पावती आणि कायदा

कुराणाच्या प्रतीवर किंमत न म्हणता 'हदिया', म्हणजे भेट किंवा नजराणा, असे छापलेले असते, आणि 'इसका हदिया क्या है?' असेच विचारतात. त्यावर घासाघीस करू नये. इतर पुस्तकांवर 'कुछ रिआयत होगी?' असे एकदा विचारणे रीतीला धरून आहे. विद्यार्थी आणि शिक्षक यांना सवलत मिळण्याचा संभव अधिक. हवे ते पुस्तक नसेल तर चिठ्ठी आणि आपला क्रमांक देऊन यावे. दिल्ली, देवबंद, लखनौ इथून माल मागवताना दुकानदार ते आणवतो, आणि माझ्या मते या दुकानांचा खरा उपयोग इथेच आहे.

हस्तलिखित दाखवले गेले तर घाई करू नये. 1972 च्या पुरावशेष व कलासंपत्तीविषयक कायद्यानुसार पंच्याहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्‌मयीन मोल असलेले हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो. त्याचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. केवळ पाहण्याची हौस असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीचा कुतुबखाना मुहम्मदिया आणि 1874 मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे करीमी ग्रंथालय, या दोन्ही ठिकाणी आधी लेखी विनंती करून परवानगी घ्यावी.

पावती मागावी आणि तिच्यावर ग्रंथाचे पूर्ण नाव लिहवून घ्यावे. पावसाळ्यात पुस्तके प्लॅस्टिकमध्ये बांधून न्यावीत, पण घरी पोहोचताच ते काढून टाकावे, नाहीतर कागदाला दमट वास धरतो. जुन्या प्रतीतून गळालेली, कुराणातील वचने छापलेली पाने रद्दीत देऊ नयेत. अशा पानांसाठी बऱ्याच मशिदींत वेगळी पेटी ठेवलेली असते आणि ती पाने पुढे दफन केली जातात किंवा पाण्यात सोडली जातात. पेटी कुठे आहे, हे पुस्तक घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे.